खालची ओळ आधी वाचा

मेनफ्रेमवर, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, उमेदीची वर्षं घालवलेल्या कुणालाही विचारा, एंटरचं बटण कुठे असतं? उत्तर यायच्या आत उजवा हात कीबोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे वळेल. आज तिथे उजवं कंट्रोल असतं. आमच्या टर्मिनलवर तिथे एंटर होतं. बाकीचं जग ज्या मोठ्या बटणाला एंटर म्हणतं, ते आमच्याकडे ‘न्यू लाइन’ होतं. ते दाबलं की कर्सर खालच्या ओळीवर जायचा, बास. मशीनला निरोप जायचा तो कोपऱ्यातल्या बटणानंच. बोटांना ही जागा अशी पाठ झाली होती की डोळे कागदावरून हलत नसत.

माझी भाची रोह्याला राहते आणि घरी बसून परदेशातल्या एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर काम करते. काही अडलं की कासूला मला फोन लावते. ‘मावशी, एका सेशनमध्ये एंटर चालतंय आणि दुसऱ्यात नाही. मशीन तेच, कीबोर्ड तोच. असं कसं?’ असं वाक्य आमच्या वेळी कुणाच्या तोंडून निघालं नसतं. बटण चालत असे, किंवा बिघडलेलं असे. एकाच बटणानं एकाच टेबलावर दोन प्रकारे वागावं, ही आजच्या काळातली गोष्ट आहे. दोन्ही काळ मी जवळून पाहिले, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

कासू म्हणजे पनवेल-रोहा मार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मधलं लहानसं स्टेशन. आजूबाजूला भातशेती, मुंबई-गोवा महामार्ग हाकेच्या अंतरावर, आणि खाडीच्या बाजूला पसरलेला खारेपाट. रोह्यापर्यंत रूळ आले १९८६ मध्ये. त्याआधी आमची सगळी भिस्त एसटीवर. पनवेलला मुंबईची लोकल पोचली १९९८ मध्ये, आणि रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचा सगळा मार्गही त्याच वर्षी खुला झाला. म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हा कासूहून मुंबईत रोज जाऊन-येऊन काम करणं कुणाला सुचतही नसे. दिव्याची पॅसेंजर पकडायची, डोंबिवलीला आत्याकडे राहायचं आणि सुट्टीला गावी यायचं, असा शिरस्ता होता.

कीबोर्डशी माझी ओळख मात्र मुंबईत झाली नाही, पेणला झाली. दहावी-बारावीनंतर टायपिंगच्या क्लासला जायचं, हा तेव्हाचा रिवाज. इंग्रजी चाळीस, मराठी तीस, आणि सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट हातात आलं की कचेरीतल्या नोकरीचं दार थोडं किलकिलं व्हायचं. भिंतीवर कीबोर्डचा तक्ता लावलेला, नजर तक्त्यावर, बोटांकडे बघायला सक्त मनाई. लोखंडी मशीनवर बटण दाबलं की दांडी उठे आणि कागदावर आपटे. अक्षर उमटलं नाही तर कारण डोळ्यांसमोर दिसत असे: दोन दांड्या एकमेकींत अडकलेल्या असत, नाहीतर रिबन सुकलेली असे. बटण आणि अक्षर यांच्यामध्ये लोखंडाखेरीज काही नव्हतं. ज्या मशीनवर बसू तिथे ‘क’ हा ‘क’च असणार, ही खात्री त्या क्लासनं बोटांना दिली.

मुंबईत मोठी मशीनं फार आधीपासून होती. टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हे यंत्र १९६४ मध्ये आलं. आयुर्विमा महामंडळानंही साठच्या दशकातच संगणक बसवले. आयबीएमनं १९७८ मध्ये भारतातला गाशा गुंडाळला, तेव्हा तिच्या मशीनांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. १९९२ मध्ये टाटांबरोबर भागीदारी करून आयबीएम परत आली. मी कोबॉल आणि जेसीएल या मेनफ्रेमच्या भाषा शिकून टर्मिनलसमोर बसले ती या परतीच्या आसपासची वर्षं. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आत थंडी, आणि चहा टेबलाजवळ आणायचा नाही, असा दंडक.

आमच्यासमोर होती ती ३२७० जातीची टर्मिनलं. आयबीएमनं ही मालिका १९७१ मध्ये आणली. काळा पडदा, हिरवी अक्षरं, २४ ओळी, दर ओळीत ८० अक्षरं, म्हणजे एकूण १९२० जागा. त्यांची रीत आजच्या माणसाला नवलाची वाटेल. तुम्ही टाइप करत असता तेव्हा दूरच्या मेनफ्रेमला त्याची गंधवार्ताही नसते. सगळं टर्मिनलच्या स्वतःच्या स्मृतीत साठत राहतं. एंटर किंवा एखादं पीएफ (प्रोग्राम फंक्शन) बटण दाबलं की पडद्यावर जिथे जिथे बदल झाला आहे तेवढाच मजकूर गोळा होतो आणि एका झटक्यात पाठवला जातो. उत्तर येईपर्यंत कीबोर्डला कुलूप. क्लिअर आणि पीए बटणांची तऱ्हा याहून वेगळी: ती ‘मी दाबलं गेलं’ एवढीच वर्दी देतात, टाइप केलेला मजकूर नेत नाहीत. त्यामुळे एंटरच्या जागी चुकून पीए-१ दाबलं गेलं, तर भरलेला फॉर्म पोचतच नसे. परदेशाशी जोडणारी ६४ केबीपीएसची उपग्रह लाइन बऱ्याच जणांत वाटून घ्यायची त्या दिवसांत, दर अक्षरागणिक निरोप न पाठवणारी ही रीत फार सोयीची होती.

तेव्हाही बटणं हट्ट करत. नव्या मुलांना वाटे, बटण मेलं. दाबा, परत दाबा, जोरात दाबा. आमच्या शिफ्टचे इनचार्ज मागून येत आणि एवढंच म्हणत, ‘वर काय बघतेस? खालची ओळ आधी वाच.’

ती खालची ओळ म्हणजे चोवीस ओळींच्या खालची, टर्मिनलची स्वतःची ओळ. तिथे एक्स उमटला म्हणजे कीबोर्ड बंद आहे, आणि एक्सच्या शेजारची खूण त्याचं कारण सांगे. एक्स आणि घड्याळ: मेनफ्रेम कामात आहे, थांब. एक्स आणि दोन बाणांमध्ये उभा माणूस: तू भलत्या जागी लिहायला गेलीस, इथे लिहायची परवानगी नाही. माणूस आणि ‘नम’: इथे फक्त आकडे चालतात. माणूस आणि पुढे एकच बाण: रकान्यात जागा उरली नाही. एक्स, उणे चिन्ह आणि एफ: जे बटण दाबलंस ते काम इथे होत नाही. चूक आपली असेल तर रिसेट दाबायचं, कर्सर योग्य जागी न्यायचा आणि पुढे जायचं. घड्याळ दिसत असेल तर हात मांडीवर ठेवायचे. इवल्या खुणांच्या त्या ओळीनं आम्हाला कारण शोधायला शिकवलं. बटणाला दोष देण्याआधी यंत्र काय म्हणतंय ते ऐका, हा तो धडा.

आणि बटण खरंच बिघडलं असेल तर? शेजारच्या टेबलाचा कीबोर्ड उचलून आपल्याला लावायचा, आपला शेजारणीला द्यायचा. दोष कीबोर्डाबरोबर शेजारी गेला तर कीबोर्ड दुरुस्तीला. दोष आपल्याच टेबलावर राहिला तर टर्मिनल, जाडजूड केबल, नाहीतर केबल जिथे जाते तो कंट्रोलर. पाच मिनिटांत निकाल. आम्ही सगळे एका हॉलमध्ये, एकाच जातीच्या यंत्रांसमोर बसलेले, म्हणून हे जमत होतं. कुणाच्या तरी वहीत पीएफ बटणांची यादी असायचीच, आणि ती वही हॉलभर फिरायची.

मग टेबलांवर पीसी आले आणि टर्मिनलं हळूहळू उचलली गेली. पीसीला टर्मिनलचं सोंग आणायला लावणारा प्रोग्राम म्हणजे इम्युलेटर. अमेरिकेत इर्मा नावाचं कार्ड १९८२ मध्येच निघालं होतं. ते पीसीत बसवलं की टर्मिनलची केबल थेट पीसीला जोडता येई. पुढे इंटरनेटच्या तारेवरून ३२७० चालवण्याची रीत ठरली, टीएन३२७० नावाची, आणि कार्डाचीही गरज संपली. पर्सनल कम्युनिकेशन्स (आमच्या बोलण्यात पीकॉम), एक्स्ट्रा, रुंबा, एक्स३२७० अशी नावं ऑफिसांत रुळली. विंडोजच्या एका खिडकीत प्रॉडक्शन म्हणजे प्रत्यक्ष कामाचं मशीन, दुसऱ्या खिडकीत टेस्ट, तिसऱ्यात आणखी एखादं मशीन. अशा दर खिडकीला सेशन म्हणतात. पूर्वी एका टेबलावर एक टर्मिनल असे, आता एकाच पडद्यावर चार. याचा आनंद मला आजही आठवतो.

पण पीसीच्या कीबोर्डवर पीएफ बटणं बारा, रिसेट नाही, क्लिअर नाही, पीए नाही. त्यामुळे सगळा संसार कोंबून बसवावा लागला. शिफ्ट दाबून एफ-१ म्हणजे पीएफ-१३. क्लिअर गेलं पॉज बटणावर. पीए-१ ऑल्ट आणि इन्सर्टवर. पीकॉमच्या मूळ मांडणीत उजवं कंट्रोल म्हणजे एंटर आणि डावं कंट्रोल म्हणजे रिसेट, म्हणजे जुन्या बोटांचा मान राखलेला. एक्स३२७० मध्ये मात्र मोठं एंटर हेच एंटर. आमच्या पेणला एका साच्यातून निघालेल्या गणपतीच्या मूर्ती सारख्याच असतात. कुठल्या आखणीकाराच्या हाती डोळे रेखायला गेल्या, त्यावर त्यांची मुद्रा ठरते. कीबोर्डाचं तसंच झालं. बटणं कारखान्यातून एकसारखी आली, त्यांचा अर्थ मात्र नंतर, वेगवेगळ्या हातांनी रेखला.

दुसऱ्या घराण्याच्या टर्मिनलांवर काम करणारे मित्र वेगळीच कहाणी सांगत. रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झालं ते डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स मशीनवर. त्या कंपनीची व्हीटी टर्मिनलं दर अक्षर दाबताक्षणी पाठवून देत. तिथला नेहमीचा दुखणाईत म्हणजे मागचं अक्षर खोडायचं बटण. टर्मिनल एक संकेत पाठवतं, पीसीवरचा इम्युलेटर कधी दुसराच, आणि अक्षर खोडलं जाण्याऐवजी पडद्यावर टोपी घातलेला ‘एच’ उमटतो. दोन यंत्रांनी एका बटणाबद्दल आपसांत ठरवलेलं नसलं की काय होतं, याचं हे छोटं आणि चोख उदाहरण.

मराठी वाचकाला हा अनुभव दुसऱ्या वाटेनं ओळखीचा आहे. लेखणी सोडून संगणकावर आलेल्या प्रत्येक संपादकानं तो घेतला आहे. श्रीलिपीत जुळवलेला मजकूर आकृतीच्या फाँटमध्ये उघडला की पानभर चिन्हांची खिचडी. टायपिंग बिनचूक, फाइल शाबूत, फक्त कुठल्या क्रमांकाला कुठलं अक्षर मानायचं याबद्दल दोघांचं एकमत नाही. युनिकोड रुळल्यावर ते दुखणं बरंच आटोक्यात आलं. मेनफ्रेमच्या जगात त्याच दुखण्याला कोडपेज म्हणतात, आणि ते अजून मुक्कामाला आहे. ०३७ या अमेरिकी कोडपेजमध्ये हेक्स ५एफ म्हणजे नकाराचं चिन्ह ¬, आणि १०४७ मध्ये तेच ५एफ म्हणजे टोपी ^. चौकटी कंस ०३७ मध्ये बीए आणि बीबी या जागांवर, १०४७ मध्ये एडी आणि बीडी या जागांवर. पडद्यावर कंस अगदी कंसासारखा दिसतो, आणि कंपायलर म्हणतो, हे काय लिहिलंय? भाचीच्या टीममधल्या एका मुलाचा अख्खा दिवस यात गेला. त्याच्या दोन सेशनपैकी एकाचं कोडपेज ०३७ होतं आणि दुसऱ्याचं १०४७. कीबोर्ड बदलून हा प्रश्न जन्मात सुटला नसता.

आता भाचीच्या एंटरबद्दल. तिच्याकडे पीकॉमसारखाच एक इम्युलेटर आहे. सेशनची एक फाइल असते, तिच्यात मेनफ्रेमचा पत्ता, रंग, पडद्याचा आकार असं सगळं. बटणांचा नकाशा असतो वेगळ्या फाइलीत, आणि सेशनच्या फाइलीत त्या नकाशाचं फक्त नाव लिहिलेलं असतं. टीममधल्या दादानं तिला आपली सेशनची फाइल प्रेमानं पाठवली, नकाशाची पाठवायची राहिली. इम्युलेटरनं नाव शोधलं, फाइल मिळाली नाही, मूळची मांडणी लावून तो मोकळा झाला. म्हणून एका खिडकीत मोठं एंटर पाठवायचं काम करत होतं आणि दुसरीत कर्सर नुसता खाली जात होता. तिच्या नव्या लॅपटॉपवर उजवं कंट्रोल नव्हतंच. मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या जानेवारीत कोपायलटचं बटण जाहीर केलं, आणि अनेक लॅपटॉपांवर ते उजव्या कंट्रोलच्याच जागी आलं. आमच्या पिढीचं एंटर ज्या जागेवर होतं, ती जागाच दुसऱ्याला गेली.

त्यानंतर आम्ही दोघींनी फोनवर, आणि ती रविवारी कासूला आली की माझ्या ओटीवर बसून, बटणांच्या अशा कितीतरी तक्रारी सोडवल्या. त्यातल्या दोन जरा जवळून दाखवते.

पहिली इन्सर्टची. कोबॉलची फाइल उघडली की मध्ये अक्षर घुसवता येतं. जेसीएलची फाइल उघडली की इन्सर्ट दाबून पहिलं अक्षर टाइप करताच कीबोर्डला कुलूप. ‘मावशी, जेसीएलचं आणि माझं काही वैर आहे का?’ मी विचारलं, ‘खालच्या ओळीत काय दिसतंय?’ ती म्हणाली, ‘माणूस आणि बाण.’ म्हणजे रकान्यात जागा नाही. पण ओळ तर अर्धी रिकामी होती! गंमत अशी, की मेनफ्रेमला रिकाम्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक खरीखुरी पोकळी, तिला नल म्हणतात. दुसरी स्पेस या अक्षरानं भरलेली. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. मध्ये अक्षर घुसवायला शेवटी पोकळी लागते, स्पेस असेल तर टर्मिनल म्हणतं, इथे आधीच अक्षरं आहेत. मेनफ्रेमवरच्या आयएसपीएफ या प्रोग्रामच्या एडिटरमध्ये हे ठरवणारी ‘नल्स’ नावाची सोय असते, आणि तिची नोंद फाइलीच्या नावाच्या शेवटच्या भागाप्रमाणे वेगवेगळी ठेवली जाते. कोबॉलच्या प्रोफाइलमध्ये ती चालू होती, जेसीएलच्या प्रोफाइलमध्ये बंद. कमांडच्या ओळीवर ‘नल्स ऑन ऑल’ लिहून एंटर दाबलं आणि वैर संपलं.

दुसरी तक्रार अवघड होती. प्रॉडक्शनचं सेशन व्यवस्थित, टेस्टच्या सेशनमध्ये अक्षरं उमटतच नाहीत, पण बाण आणि एफ बटणं मात्र चालतात. खालच्या ओळीत एक्स नाही. म्हणजे टर्मिनलला काही तक्रार नाही, मेनफ्रेम वाट बघत बसलेला. मग अक्षर वाटेत कुठे हरवतंय? मी तिला म्हटलं, ‘आता घड्याळाचा लंबक होऊ नकोस, एकेक पायरी वर चढ.’ ती नोटपॅडकडे गेली, तिथे इंग्रजी ठीक. परत टेस्टच्या खिडकीत येऊन तिनं पडद्याच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात पाहिलं, तर तिथे ‘मरा’ लिहिलेलं. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या अर्जासाठी तिनं इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड सुरू केला होता. विंडोजमध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते, आणि प्रत्येक खिडकीसाठी भाषा वेगळी लक्षात ठेवायचा पर्याय तिनं निवडलेला होता. टेस्टच्या खिडकीत पीए आणि शिफ्टची बटणं शोधताना ती जोडी कधीतरी दाबली गेली. मग ती टाइप करत होती देवनागरी, आणि त्या सेशनच्या कोडपेजमध्ये देवनागरीला जागाच नाही. एफ बटणांना भाषा नसते, म्हणून ती चालू राहिली. परत इंग्रजी निवडलं, अक्षरं आली. मग तिनं तो ऑल्ट-शिफ्टचा शॉर्टकटच बंद करून टाकला.

या दोन गोष्टी मी मुद्दाम सविस्तर सांगितल्या. कारण तेव्हा आणि आतामधला खरा फरक इथे आहे. तेव्हा बोट आणि मेनफ्रेम यांच्यामध्ये टर्मिनल, केबल आणि कंट्रोलर, एवढंच. आता बोटापासून सुरुवात केली तर आधी लॅपटॉपचं एफएन बटण येतं, ते एफ-७ ला आवाज किंवा उजेड कमी-जास्त करायला लावतं. मग विंडोजची भाषा. मग ऑफिसच्या मशीनकडे नेणारं रिमोट डेस्कटॉप, ते ऑल्टच्या काही जोड्या वाटेतच अडवतं. मग इम्युलेटरचा नकाशा, मग कोडपेज. त्याही पलीकडे मेनफ्रेमवर आयएसपीएफ बसलेलं. तिथे बटणांचे अर्थ दर ॲप्लिकेशनचे वेगळे. एडिटरमध्ये पीएफ-१२ चा अर्थ हवा तसा बदलून घेतला तरी एसडीएसएफ या दुसऱ्या प्रोग्राममध्ये तो जुनाच राहतो. शिवाय की-लिस्ट, म्हणजे पॅनेलची स्वतःची बटणांची यादी, चालू असेल तर काही पॅनेलांवर पीएफ-१२ कॅन्सल करतं, बंद असेल तर आधीची कमांड परत आणतं. हे सगळे थर आपापल्या जागी बरोबर असतात. गोंधळ होतो तो दोन थरांच्या सांध्यात.

म्हणून उपायही थराथरानं करायचा. खालची ओळ वाचायची. एक्स असेल तर कारण तिथेच लिहिलेलं आहे. एक्स नसेल तर नोटपॅडमध्ये तेच बटण दाबून बघायचं. तिथेही बिनसलं असेल तर दोष विंडोज किंवा कीबोर्डाचा, मेनफ्रेमला त्रास द्यायची गरज नाही. तिथे ठीक असेल तर दुसरं सेशन उघडायचं. दोन सेशन वेगळी वागत असतील तर दोन्हींचे नकाशे आणि कोडपेजं समोरासमोर ठेवून ताडायची. दोन्ही सारखीच वागत असतील तर आयएसपीएफमध्ये ‘कीज’ लिहून बटणांचे अर्थ बघायचे. आणि तरीही उलगडा होत नसेल तर मैत्रिणीच्या मशीनवर आपला आयडी आणि आपल्या मशीनवर तिचा आयडी चालवायचा. दोष आयडीबरोबर गेला तर तो मेनफ्रेमवरच्या प्रोफाइलमध्ये आहे. मशीनबरोबर राहिला तर इम्युलेटरमध्ये. शेजारचा कीबोर्ड उचलून आणायची आमची जुनी युक्ती हीच. फक्त शेजारीण आता चिंचवडला असते किंवा नागपूरला.

जुन्या दिवसांचं मला अप्रूप आहे आणि ते लपवायचं कारण नाही. बोटाखाली खटकन वाजणारं ते जड बटण, दोन रांगांतली चोवीस पीएफ, हॉलभर फिरणारी वही, आणि मागे उभं राहून एका वाक्यात मार्ग दाखवणारा वडीलधारा माणूस. यातलं यंत्र परत यावं असं मला वाटत नाही. त्या यंत्रासाठी मला गाव सोडावं लागलं होतं. आई आजारी असताना दिव्याच्या गाडीची वाट बघत काढलेल्या संध्याकाळी मी विसरलेली नाही. भाची आज आई-वडिलांच्या घरात राहून तेच काम करते, जास्त चांगल्या पगारावर. पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातली किती मुलं-मुली ऐरोली-महापे इथल्या कंपन्यांचं काम निम्मे दिवस घरून करतात. हे इम्युलेटरमुळे आणि जाडजूड केबलच्या जागी आलेल्या इंटरनेटच्या तारेमुळे शक्य झालं. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

परत यावी असं वाटतं ती वही. आयबीएमनं १९८७ मध्ये ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ नावाचे नियम केले: एफ-१ म्हणजे मदत, एफ-३ म्हणजे बाहेर, एफ-७ आणि एफ-८ म्हणजे मागे-पुढे, एफ-१२ म्हणजे रद्द. वेगवेगळ्या यंत्रांवर माणसाची बोटं गोंधळू नयेत, एवढ्यासाठी कुणीतरी बसून हे ठरवलं. आजही विंडोजच्या कितीतरी प्रोग्राममध्ये एफ-१ दाबलं की मदत उघडते, ती त्याच घरातून आलेली सवय. बटणांचा सारखेपणा आपोआप आलेला नव्हता. आमच्या हॉलमध्ये तो वहीनं आणि इनचार्जनं राखला, जगात तो नियम लिहिणाऱ्यांनी राखला. आता प्रत्येकाच्या मशीनवर प्रत्येकाचा नकाशा आहे, म्हणून तो राखायची जबाबदारी प्रत्येक टीमवर आली आहे.

भाचीनं आपल्या टीमसाठी एक पान तयार केलं आहे. कुठल्या सेशनला कुठला नकाशा, कुठलं कोडपेज, एंटर, क्लिअर, रिसेट आणि पीए कुठे, आयएसपीएफची बटणं काय करतात, आणि बिनसलं तर कुठल्या क्रमानं बघायचं. सेशनची फाइल पाठवायची झाली तर नकाशाची फाइल सोबत, हा नियम ठळक अक्षरांत. नवीन मुलगा-मुलगी आली की पहिल्या दिवशी ते पान हातात देतात आणि कुणीतरी तासभर कॉलवर त्यांच्यासोबत बसतं. असं पान प्रत्येक टीमनं करावं, दर सहा महिन्यांनी तपासावं, आणि जुन्या माणसांनी निवृत्त व्हायच्या आत आपल्या बोटांत असलेलं त्यात उतरवून द्यावं. मेनफ्रेमवर आजही बँका, विमा आणि विमानांची आरक्षणं चालतात. त्यामुळे हे ज्ञान पुढची कितीतरी वर्षं कुणाच्या तरी रोजच्या उपयोगाचं आहे. त्या पानाची पहिली ओळ कुठली असावी असं भाचीनं मला विचारलं होतं. आमच्या इनचार्जचं वाक्य मी तिला जसंच्या तसं दिलं, आणि ते आता रोह्याहून नागपूरपर्यंत तिच्या टीममधल्या प्रत्येकाला पाठ आहे.